मध्यरात्रीची मॅच, शंभर माणसं, एक पडदा: तालमीत सामना दाखवायचा तर कामं या क्रमानं करा

वर्ल्ड कप जवळ आला की कोल्हापुरात पहिलं काम निघतं ते फ्लेक्सचं. मेस्सीचा केवढा, नेमारचा केवढा, कुणाचा आधी लागला. मग वर्गणी. मग पडदा. आणि मॅचच्या दिवशी संध्याकाळी सहाला कुणीतरी विचारतं, "आरं, चॅनल कुठला हाय?" तिथून पुढं जे काही होतं ते तुम्ही बघितलं असेलच.

आमच्या पेठेत मी गेली काही वर्षं हे काम अंगावर घेतोय. सगळ्या चुका करून झाल्यात. चुका जवळपास नेहमी त्याच असतात, कारण कामाचा क्रमच उलटा लागलेला असतो. फ्लेक्स हे शेवटचं काम आहे, आणि ते नाही झालं तरी चालतं. आधी वेळ, मग जागा, मग परवानगी, मग सिग्नल. पडदा त्याच्याही नंतर. खालचे टप्पे तालीम, मंडळ, सोसायटी, कॉलेजचं हॉस्टेल अशा पन्नास ते दीडशे माणसांच्या जमावासाठी आहेत. घरी दहा जण जमणार असाल तर टप्पा १ आणि ४ वाचा, बाकी सोडा.

## टप्पा १: वेळ (किमान १५ दिवस आधी)

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, आणि तो तारखेचा असतो. २०२६ च्या वर्ल्ड कप फायनलचं उदाहरण घ्या. वेळापत्रकात तारीख १९ जुलै, रविवार, न्यू जर्सी, दुपारी ३. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे आपल्याकडं ती मॅच रात्री १२:३० ला, तारीख लागली २० जुलै, सोमवार. आता पोस्टरवर "१९ जुलै, रात्री १२:३०" लिहिलं तर निम्मी माणसं शनिवारी रात्री येतील, कारण त्यांच्या हिशोबानं १९ तारीख तेव्हाच सुरू होते. "२० जुलै, रात्री १२:३०" लिहिलं तर उरलेली सोमवारी रात्री जेवून येतील. दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

लिहायचं असं: "रविवारी (१९ जुलै) रात्री जेवून या. मॅच मध्यरात्री १२:३०, सोमवार उजाडायच्या आत." वार लिहा, जेवण लिहा. माणसं तारखेपेक्षा जेवणावरून वेळ लवकर ओळखतात.

यजमान देश तीन असले की आणखी एक खड्डा. लॉस एंजेलिस आपल्या साडेबारा तास मागे, मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे. एकाच स्पर्धेतली एक मॅच आपल्याकडं रात्री ९:३० ला, दुसरी पहाटे ३:३० ला, तिसरी सकाळी ६:३० ला पडू शकते. प्रत्येक मॅच वेगळी मोजा. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात कुणाचा ना कुणाचा भाऊ असतोच, त्याला एक मेसेज टाकून खात्री करून घ्या.

मग संपायची वेळ. ४५ अधिक ४५ अधिक १५ एवढंच धरून हॉल घेणारे फसतात. २०२२ ला कतारमध्ये इंग्लंड–इराणच्या मॅचला पहिल्या हाफमध्येच १४ मिनिटं वाढीव मिळाली होती. साखळी फेरीच्या मॅचला सव्वादोन तास धरा. बाद फेरीच्या मॅचला सव्वातीन तास, त्यात एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी आल्या. सुरुवातच लांबली तर वेगळंच. १५ जुलै २०२४ च्या पहाटे ५:३० ला आपण कोपा अमेरिकाची फायनल बघायला बसलो होतो. मायामीत स्टेडियमच्या गेटवर गर्दीचा गोंधळ झाला आणि मॅच तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली. त्याच रात्री १२:३० ला युरोची फायनल होऊन गेली होती. दोन्हीसाठी एकच टीम जागी ठेवली, आणि दुसऱ्या मॅचला पडद्यासमोर निम्मी पोरं घोरत होती.

तपासणी: वार, तारीख, आपली वेळ, संपायची जास्तीत जास्त वेळ. चारही गोष्टी एका कागदावर लिहून दोन वेगळ्या माणसांकडून मोजून घेतल्या का?

## टप्पा २: जागा

वेळ कळल्यावरच जागा ठरते. कारण रात्री दहा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि सोपे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बाराची सवलत देता येते, पण ती सण-उत्सवांसाठी. आपल्याकडं ते दिवस गणपती, नवरात्र यातच संपतात. फुटबॉल हा आपल्याला कितीही सण वाटला तरी त्या यादीत नाही. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे दोन माणसं हळू बोलतात त्यापेक्षा फार जास्त नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत असाल तर नियम आणखी कडक.

हे मला तोंडपाठ आहे, कारण शिकवणी महाग पडली. १८ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना–फ्रान्स फायनल. मॅच रात्री ८:३० ची, म्हणून आम्ही निवांत चौकात पडदा लावला, स्पीकरचे चार बॉक्स लावले. अर्जेंटिना २–० पुढं. आम्हाला वाटलं दहाच्या सुमारास आटोपतंय. पण पहिल्या हाफला सात मिनिटं वाढली होती, त्यामुळं एम्बापेनं ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला दोन गोल टाकले तेव्हा घड्याळात दहा वाजून दहा-बारा मिनिटं झाली होती. चौक पेटला. आणि बरोबर त्याच वेळी पोलिसांची गाडी आली. साहेबांनी फार काही म्हटलं नाही, फक्त ॲम्प्लिफायरकडं बोट दाखवलं. एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी, म्हणजे त्या रात्रीचं खरं सोनं, आम्ही मुक्यानं बघितलं. साउंडवाल्याचे बॉक्स तीन दिवसांनी सुटले.

म्हणून नियम करून टाका: मॅच संपायची जास्तीत जास्त वेळ रात्री दहाच्या पुढं जात असेल तर जागा बंदिस्त हवी. तालमीचा हॉल, मंगल कार्यालय, सोसायटीचं सभागृह. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज चालतो, पण भिंतीबाहेर तो शेजाऱ्याला झोपू देणारा हवा. खिडक्या लावून, दोन छोटे स्पीकर, बास कमी. माणसांचं ओरडणं मात्र कुठल्याही नॉबनं कमी होत नाही, ते आधीच शेजाऱ्यांच्या कानावर घालावं लागतं.

दुसरं कारण पाऊस. जून-जुलैच्या स्पर्धेला उघड्यावर पडदा लावू म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, आणि तू चौकात प्रोजेक्टर मांडणार?

जागा मोजताना असं धरा: मधली वाट धरून खुर्चीला माणशी ८ ते १० चौरस फूट. ३० बाय ४० चा हॉल म्हणजे १२०० चौरस फूट. पडद्यापुढचे १२ फूट सोडले तर उरले ८४०. तिथं ९० माणसं नीट बसतात. "दीडशे बसतील की" म्हणणारा माणूस प्रत्येक मंडळात असतो. त्याला दाराजवळची ड्युटी द्या.

इशारा: बाहेर जायला दोन दारं नसतील तर तो हॉल घेऊ नका. एकाच दाराच्या गोदामात गोल झाल्यावर काय होतं ते बघायची वेळ येऊ नये.

## टप्पा ३: परवानगी आणि पैसे (किमान १० दिवस आधी)

पोलीस ठाण्यात अर्ज: मंडळाचं नाव, जागा, तारीख, सुरू आणि संपायची वेळ, अंदाजे माणसं, आवाजाची व्यवस्था, दोन जबाबदार माणसांचे नंबर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी "साहेबांना सांगितलंय" याला रात्री एक वाजता काही किंमत नसते, ड्युटी बदललेली असते. रस्त्यावर मंडप येत असेल तर महापालिकेचीही परवानगी लागते. हॉल आपला असेल तरी पोलिसांना लेखी कळवाच.

आता पैशाचं. इथं चांगली चांगली मंडळं चुकतात.

तिकीट लावू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणं प्रक्षेपण लोकांना पैसे घेऊन दाखवणं हा प्रसारण करणाऱ्याच्या हक्काचा भंग आहे. दारात बसून "स्वेच्छा वर्गणी ५० रुपये" घेणं हेही तिकीटच, नाव बदललं म्हणून काही होत नाही. वर्गणी काढायची तर मंडळाच्या सभासदांकडून, आधी, पावतीवर, आणि ज्यानं दिली नाही त्यालाही मॅच बघू द्या.

प्रायोजक जपून. फिफाच्या नियमात प्रवेश शुल्क किंवा प्रायोजक आला की ते व्यावसायिक प्रदर्शन होतं आणि त्याला परवाना लागतो. म्हणजे पडद्याशेजारी कुठल्या बिल्डरचा बोर्ड लावला की तुम्ही वेगळ्या खात्यात गेलात. तसंच पोस्टरवर स्पर्धेचं अधिकृत चिन्ह, ट्रॉफीचं चित्र आणि खाली "सौजन्य" म्हणून दुकानाचं नाव, हे एकत्र नको. साध्या अक्षरात "अमुक वि. तमुक, आपल्या तालमीत" एवढं पुरतं. भारतातले हक्क ज्या वाहिनीकडं असतील तिला एक ईमेल टाकून विचारून ठेवा. घरगुती डिश किंवा ॲपच्या अटी घरापुरत्या असतात, त्यामुळं मोठ्या जमावाला दाखवताना ही चौकशी टाळायची नाही.

अंदाज बांधा, बक्षीस घ्या, हा खेळ करायचा असेल तर करा, पण पैसे न घेता. स्कोअर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, जिंकणाऱ्याला मंडळाचा टी-शर्ट. पैसे लागले की तो जुगार, आणि भांडण वेगळं.

## टप्पा ४: सिग्नल

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

आधी ठरवा: डिश, केबल की ॲप? ॲपवरचं प्रक्षेपण डिश-केबलच्या मागं असतं, कधी काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटाच्याही पुढं. घरी एकटे बघत असाल तर फरक पडत नाही. पण पेठेत शेजारच्या गल्लीतही पडदा असतो.

९ डिसेंबर २०२२ ची रात्र. ब्राझील संध्याकाळच्या मॅचमध्ये क्रोएशियाकडून पेनल्टीवर बाहेर गेलेलं. आमच्या पलीकडच्या गल्लीत सगळे ब्राझीलवाले, तोंडं पाडून बसलेले, पण उठले नव्हते. आमची अर्जेंटिना–नेदरलँड्स १२:३० ला सुरू झाली. रात्री अडीच, वाढीव वेळेचं अकरावं मिनिट, २–१. नेदरलँड्सला पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी फ्री किक. आमच्या पडद्यावर अजून रेफरी भिंत मागं सरकवतोय, आणि पलीकडच्या गल्लीतून आकाश फाटेल असा आवाज आला. त्यांच्याकडं डिश होती, आमच्याकडं ॲप. हॉलमध्ये ऐंशी माणसं एकमेकांकडं बघत होती, गोल झालाय हे सगळ्यांना कळलेलं, आणि आम्ही तो होताना बघायची वाट बघत होतो. वेगहॉर्स्टनं बॉल आत टाकला तेव्हा कुणीही ओरडलं नाही. मागून एकजण म्हणाला, "आता पुढची मॅच त्यांच्याच गल्लीत बघू."

तेव्हापासून आमचा क्रम असा:

१. पहिली लाइन डिश किंवा केबल. एचडी चॅनल पॅकमध्ये आहे का ते १० दिवस आधी बघा. एसडी चॅनल १२ फुटी पडद्यावर ताणलं की बॉल दिसत नाही, नुसता ठिपका. क्रीडा वाहिनीचा पॅक घेतला तरी बॉक्सवर तो चालू व्हायला कधी कधी वेळ जातो, त्यामुळं मॅचच्या दिवशी रिचार्ज करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

२. दुसरी लाइन ॲप, फायबर ब्रॉडबँडवर. ही राखीव. जोराच्या पावसात डिशचा सिग्नल जातो, पाच-दहा मिनिटं "सिग्नल उपलब्ध नाही" एवढंच दिसतं. जुलैत हे होणार असंच धरून चला. ॲप दुसऱ्या एचडीएमआय पोर्टवर आधीपासून चालू ठेवा, म्हणजे रिमोटचं एक बटण दाबलं की झालं.

३. मोबाइलचा हॉटस्पॉट तिसरी लाइन, अगदीच नाइलाज म्हणून. एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी लागतात. रोजचा दोन जीबीचा पॅक पहिला हाफ संपायच्या आत संपतो.

४. मोबाइलची स्क्रीन प्रोजेक्टरवर मिरर करून दाखवू, हा विचार सोडा. पुष्कळ ॲप तसं करू देत नाहीत. आवाज येतो, पडदा काळा. टीव्ही-स्टिक किंवा लॅपटॉप थेट केबलनं जोडा. जुने, स्वस्त स्प्लिटरही हाच त्रास देतात: एका बॉक्सचं चित्र टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्हीकडं न्यायला गेलं की काळं होतं.

५. साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढं भरवशाची नाही. चित्र चमकतं, मधेच जातं. सेट-टॉप बॉक्स प्रोजेक्टरच्या जवळ ठेवा आणि डिशची वायर लांबवा, उलटं करू नका. लांबच न्यायची असेल तर फायबरची एचडीएमआय केबल साउंड-लाइटवाल्याकडं भाड्यानं मिळते.

तपासणी: चाचणी यूट्यूबवर घेऊ नका, ते सगळीकडं चालतं. खऱ्या चॅनलवर, खऱ्या बॉक्समधून, त्याच केबलनं, आदल्या रात्री त्याच वेळेला पूर्ण हाफ चालवून बघा. आणि एकदा डिशची वायर मुद्दाम काढून ॲपवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. वीसच्या वर लागले तर माणूस बदला किंवा रिमोट.

इशारा: ॲपवर जावं लागलंच तर दारात सगळ्यांना सांगा, स्कोअरचे नोटिफिकेशन बंद करा. नव्वद माणसांत एकाचा फोन खिशात वाजला तरी पुरे.

## टप्पा ५: पडदा आणि प्रोजेक्टर

प्रोजेक्टरवर "१०,००० ल्युमेन" असं स्टिकर असेल तर हसा आणि पुढं चला. एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचारा. अंधाऱ्या हॉलमध्ये १२ फुटी पडद्याला ३००० ते ४००० एएनएसआय पुरतात. सकाळी ६:३० ची मॅच आणि खिडक्यांना पडदे नसतील तर प्रोजेक्टरचा नाद सोडा, मोठा टीव्ही किंवा एलईडी वॉल घ्या. पांढरी जर्सी आणि हिरवं मैदान उजेडात सारखंच दिसतं.

अंतराचा हिशोब प्रोजेक्टरच्या थ्रो रेशोवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब तो ठेवायचा त्यावर. रेशो १.५ असेल तर १२ फूट रुंद पडद्याला प्रोजेक्टर १८ फुटांवर. म्हणजे तो बरोबर प्रेक्षकांच्या मधे येतो. स्टुलावर ठेवला तर पहिल्या गोलला कुणाचा तरी पाय लागणार. छताला टांगा, नाहीतर लोखंडी स्टँडवर डोक्याच्या वर आणि भोवती चार खुर्च्या उलट्या.

१२ फूट रुंद पडद्याची उंची पावणेसात फूट होते. खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी. पुष्कळ जण पडदा जमिनीलगत लावतात, मग तिसऱ्या रांगेपासून मागं फक्त वरचा प्रेक्षक स्टँड दिसतो. शेवटची रांग उंचीच्या सहा पटीच्या आत, म्हणजे ४० फुटांत. त्याच्या मागं बसणारा कोपऱ्यातलं घड्याळ वाचू शकत नाही आणि दर दोन मिनिटांनी "कितवं मिनिट?" विचारतो.

पडदा नसेल तर पांढरी बेडशीट नको, पंख्यानं हलते. भिंतीला पांढरा मॅट रंग दिला तर दरवेळचं भाडं वाचतं. आम्ही तेच केलंय.

## टप्पा ६: वीज

सेट-टॉप बॉक्स आणि राउटर छोट्या यूपीएसवर. वीज एक सेकंद गेली तरी बॉक्स पुन्हा चालू व्हायला काही मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात पेनल्टी होते. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडणं त्याच्या दिव्याला बरं नाही, म्हणून त्यालाही आधार हवाच.

इशारा: खांबावर आकडा टाकू नका. ओल्या हातानं, ओल्या भिंतीत, मध्यरात्री तर नाहीच. देशांचे झेंडे आणि कटआउट विजेच्या खांबाला, तारेजवळ बांधू नका. केरळात पुल्लावूरच्या नदीत मेस्सी-नेमारचे उंच कटआउट २०२२ ला सगळ्यांनी फोनवर पाहिले आणि मग प्रत्येक पेठेला तेवढाच उंच हवा झाला. ते नदीत होते, वर तारा नव्हत्या. आपल्या गल्लीत आहेत. शिवाय कटआउटला महापालिकेची परवानगी लागते.

## टप्पा ७: कोण कुठं बसणार

आधीच ठरवा, नाहीतर पोरं ठरवतील.

दोन्ही बाजूंचे समर्थक असतील तर डावी-उजवी करा, मधे वाट, आणि वाटेच्या कडेनं वयस्क माणसं. काका मंडळी मधे बसली की खुन्नस शब्दांपुरतीच राहते. आमच्याकडं तालमींच्या फुटबॉल संघांची स्थानिक सीझनमधली भांडणं शाहू स्टेडियमवरून निघून पडद्यासमोर येतात. अर्जेंटिना-ब्राझील हे नुसतं निमित्त असतं. म्हणून दारातच एक गोष्ट सांगायची: तालमीच्या घोषणा इथं नाहीत, देशाच्या द्या.

बायका, मुली, लहान मुलं येणार असतील, आणि यावीतच, तर त्यांच्यासाठी दाराजवळची जागा राखून ठेवा, स्वच्छतागृह चालू आहे का ते स्वतः जाऊन बघा, आणि अडीच वाजता घरी सोडायला कोण जाणार त्याची नावं आधी लिहा. "महिलांसाठी स्वतंत्र व्यवस्था" असं फ्लेक्सवर छापून संडासाला कुलूप असलेले हॉल मी पाहिलेत.

पिऊन आलेल्याला दारातूनच परत. आत घेतल्यावर बाहेर काढणं दहापट अवघड.

## टप्पा ८: खाणं

कोरडं ठेवा. भडंग, शेंगदाणे, केळी, पाण्याचे जार. चहा थर्मासमधून, हाफटाइमलाच. मध्यरात्री मिसळ द्यायचा उत्साह एकदा आम्ही केला. कट सांडला, सतरंजी गेली, आणि दुसऱ्या हाफची पहिली दहा मिनिटं निम्मी माणसं पावाच्या रांगेत होती. सकाळच्या मॅचला मिसळ चालते, पण मॅच संपल्यावर.

## टप्पा ९: मॅचच्या रात्रीचा क्रम

१२:३० च्या मॅचसाठी आमचं वेळापत्रक:

८:०० बॉक्स, ॲप, प्रोजेक्टर तिन्ही चालू. चॅनलवर खरं चित्र. आवाज हॉलबाहेर रस्त्यावर उभं राहून ऐकायचा.

९:०० चार घरांना भेट: हॉलच्या डाव्या-उजव्या, समोरचं आणि मागचं. "आज रात्री जरा आवाज होईल, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा." हा फोन दारावरच्या माणसाकडं. लोक पोलिसांना फोन करतात तेव्हा त्यांच्याकडं दुसरा नंबर नसतो एवढंच कारण असतं पुष्कळदा.

११:३० दार उघडायचं. गाड्या एका रांगेत, रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी. ही वाट शेवटपर्यंत बघायला एक माणूस. त्याला मॅच दिसत नाही, म्हणून दर हाफला माणूस बदला. नाहीतर तो आत येऊन उभा राहतो आणि वाट बंद होते.

१२:१५ मोजणी. ठरलेला आकडा झाला की दार बंद. ओळखीचा असला तरी.

१२:२५ आतले दिवे कमी, दारावरचे आणि जिन्यावरचे चालू. पूर्ण अंधार नको.

मॅच चालू असताना रिमोट एकाच माणसाच्या हातात. जाहिरातीत चॅनल बदलायला सांगणाऱ्यांचं ऐकायचं नाही. गेल्या वेळी ऐकलं, परत येईपर्यंत थ्रो-इन होऊन गेला होता, आणि थ्रो-इनवरूनच गोल झाला.

तपासणी (हाफटाइम): प्रोजेक्टर गरम झालाय का, जनरेटरला डिझेल आहे का, बाहेरची वाट मोकळी आहे का. तीनच गोष्टी, तीन माणसं, पाच मिनिटं.

## टप्पा १०: शेवटच्या शिट्टीनंतर

भानगडी इथं होतात, मॅचमध्ये नाही. दार उघडल्या उघडल्या नव्वद माणसं एकदम रस्त्यावर येतात, हलग्या निघतात, बुलेटचे सायलेन्सर फुटतात आणि चौकाकडं रॅली. रात्री १० ते ६ आवाजाचे फटाकेही बंद असतात, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

यावर आम्हाला एकच उपाय लागू पडला. शिट्टी झाल्यावर पडदा बंद करायचा नाही. बक्षीस समारंभ, ट्रॉफी, कप्तानाचं बोलणं, सगळं दाखवायचं. आवाज हळूहळू कमी करायचा. हरलेल्या बाजूचे आधी उठतात, त्यांना आधी जाऊ द्या, मागच्या दारानं. जिंकलेले बसून राहतात. अर्ध्या तासानं त्यांच्या अंगातला जोर निम्मा होतो. नाचायचं असेल तर हॉलमध्ये, दार लावून, दहा मिनिटं. चौकात जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, परवानगी घेऊन.

मग आवराआवर. प्रोजेक्टर बंद करून पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका. भाड्याचा माल मोजून एका जागी. कचरा त्याच रात्री, सकाळी तिथं बालवाडी भरते. शेजारच्या चार घरांना सकाळी चहाच्या वेळी जाऊन भेटायचं, आणि दुपारपर्यंत वर्गणीचा हिशोब ग्रुपवर टाकायचा, जनरेटरच्या डिझेलसकट. मागच्या वेळी १४० रुपये उरले होते. त्यातून दाराची कडी दुरुस्त केली, जी अर्जेंटिनाच्या तिसऱ्या गोलला निघाली होती.